पहारा नेमका कोणावर?

सिडनी ल्यूमेट यांचा ‘द अँडरसन टेप्स’ हा १९७१ सालचा चित्रपट आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. तुरुंगातून सुटलेला एक दरोडेखोर न्यूयॉर्कमधील अख्खी इमारत लुटण्याचा बेत आखतो. त्याची संभाषणे निरनिराळ्या यंत्रणा चोरून ध्वनिमुद्रित करीत असतात. परंतु प्रत्येकीचे लक्ष्य दुसरेच असल्याने दरोड्याचा सुगावा एकीलाही लागत नाही. कथा अमेरिकेची खरी. पण तिचा प्रत्यय महाराष्ट्राला सुमारे शतकभर आधीच आला होता. वासुदेव बळवंत फडके यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे जन्मलेले फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई आजारी असता वेळेवर रजा मिळाली नाही व तिची अखेरची भेट हुकली; हे शल्य त्यांना जन्मभर बोचले. महादेव गोविंद रानडे यांच्या व्याख्यानांतून त्यांनी देशी धंद्यांच्या ऱ्हासाची मीमांसा ऐकली. पुढे ते स्वतःच थाळी वाजवून लोक जमवीत आणि भर रस्त्यात सरकारवर टीका करीत. सरकारचा हा नोकर काही लपूनछपून बोलत नव्हता.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा एवढ्यावर आणली. सार्वजनिक सभेने तक्रारअर्ज केले. फडक्यांनी नोकरी सोडून रामोश्यांना हाताशी धरले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यात धामारी येथे पहिला दरोडा पडला. मे महिन्यात पळस्पे व चिखली लुटली गेली. त्याच सुमारास त्यांनी जाहीरनामा काढला. लोकांना काम द्या, कर कमी करा, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा, असा त्याचा आशय होता. आता मुंबईचे गव्हर्नर झालेल्या टेंपल यांच्या शिरावर त्यांनी बक्षीसही लावले. मात्र साथीदारांचे मन लुटीत गुंतलेले पाहून ते निराश झाले.

सरकारला संशय आला तो पुण्याच्या सुशिक्षितांचा. मे १८७९ मध्ये रानड्यांची धुळ्यास बदली झाली. तेथे त्यांचे टपाल फोडले जाई. बंडवाल्यांच्या नावाने पत्रेही येत, ती ते पोलिसांच्या हवाली करीत. रमाबाई रानडे यांनी हे आपल्या आठवणींत नोंदविले आहे. दुष्काळाच्या कारणांचा अभ्यास करणारा माणूस अशा रीतीने दुष्काळातून उठलेल्या बंडाचा संशयित ठरला.

आमचे देवगाव रंगारी त्या काळी ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यात फडके रोहिल्यांची फौज उभारण्याच्या खटपटीत होते. २० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे, तापाने ग्रासलेले असताना, मेजर डॅनियल व निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. खटल्यात त्यांच्याविरुद्ध मोठा पुरावा ठरली ती त्यांनी स्वहस्ते लिहिलेली आत्मकथा व रोजनिशी. गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. जन्मठेप होऊन ते एडनला गेले. १८८० मध्ये तेथून निसटले, पण लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

फडक्यांचा मार्ग यशस्वी होण्यासारखा नव्हता, आणि दरोड्याला अर्थनीती म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी बोट ठेवलेले दुखणे खरे होते. १८७९ सालीच सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला. आणि पुढे त्याच्या अंमलबजावणीसाठी ज्यांची नेमणूक झाली, ते होते टपाल फोडले गेलेले रानडेच. आज टेहळणीची साधने कितीतरी पटींनी वाढली आहेत. दूरध्वनी ऐकता येतो, चौकाचौकांत कॅमेरे आहेत. परंतु मजुरी कोठे घटली आणि कर्ज कोठे थकले, याची नोंद राज्यकर्ते तितक्याच तत्परतेने घेतात काय, हा प्रश्न १८७९ मध्ये होता, तसाच आजही आहे.