अंगणात आलेली शाळा

आमच्या सेनगाव तालुक्यात बचत गटाच्या बैठकीला गेलं, की हप्त्यांचा हिशोब झाल्यावर विषय लेकरांवर येतोच. मागे एकीनं सांगितलं, तिचा पाच वर्षांचा मुलगा वडिलांची गाडी वाजली की दाराआड लपतो, रात्री अंथरूण ओलं करतो. मार दिल्याशिवाय लेकरू वळणावर येत नाही, असं घरात सगळ्यांचं मत. मला काही बोलायला तोंड नव्हतं. माझी मुलगी दुसरीत असताना पाढे चुकले म्हणून मीही तिला मारलं होतं. पाढे आले, पण तेव्हापासून ती चाचणीचे पेपर लपवायला लागली.

त्या दिवशी घरी येताना मला कॉलेजात असताना वाचलेल्या ताराबाई मोडक आठवल्या.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. आईवडील प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. मुलीनं शिकावं, स्वतःच्या डोक्यानं विचार करावा, असं वातावरण घरात होतं. ज्या काळात मुलींना शाळाच दिसत नव्हती, त्या काळात त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला आल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या गुजरातेत राजकोटला नोकरीला गेल्या. एकट्या बाईनं मूल वाढवायचं, तेही शंभर वर्षांपूर्वी! कल्पना करून बघा.

आपल्या मुलीला कसं शिकवावं, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर काढलं होतं. तिथे छडी नव्हती, बक्षिसाची लालूचही नव्हती. ताराबाई चांगली नोकरी सोडून तिथे गेल्या. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. शिक्षणपत्रिकेतून ताराबाई मराठी आईबापांना समजावत राहिल्या, की भीतीनं मूल गप्प बसतं, शहाणं होत नाही. पण मोकळीक म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. बालमंदिरात घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, आपलं काम आपण करायचं, हा नियम सगळ्यांना होता.

पुढे 1960 च्या दशकात डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास करून हेच मांडलं. नुसता धाक असलेल्या घरातली मुलं दबून राहतात, नुसते लाड असलेल्या घरातल्या मुलांना स्वतःला आवरता येत नाही. माया आणि ठरलेले नियम दोन्ही असतील, तिथली मुलं जास्त समाधानी आणि जबाबदार होतात. ताराबाई तर हे कितीतरी आधी करून दाखवत होत्या.

बालमंदिर शहरातल्या पैसेवाल्यांपुरतं राहू नये म्हणून 1945 मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे घेतले. गरीब वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तर या बायाच वस्तीत गेल्या. मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, अंगणातच गाणी-गोष्टी सुरू केल्या. तीच अंगणवाडी! 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरली. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोचला.

पुढच्या बैठकीत मी त्या बाईला एवढंच सांगितलं, की अंथरुणासाठी मुलाला रागावू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि वडिलांनी घरी आल्यावर आधी पाच मिनिटं त्याला जवळ घ्यावं, अभ्यासाचं मग विचारावं. नवऱ्याला सांगणं सोपं नाही, हे मलाही कळतं. म्हणून पुढच्या वेळी त्यालाच भेटायचं ठरवलंय.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. परवा मी तिच्याजवळ त्या माराबद्दल चूक कबूल केली. आधी ती हसली. मग हळूच म्हणाली, की तिला अजूनही निकाल सांगताना पोटात गोळा येतो. इतक्या वर्षांनी का होईना, तिनं ते माझ्यापासून लपवलं नाही.