पैसा फंडाचे जनक अंताजी दामोदर काळे

मावळ म्हटले की इंद्रायणीचे खोरे, कार्ल्याची लेणी, लोहगड-विसापूरची जोडी आणि लोणावळ्याचा पाऊस डोळ्यांसमोर उभा राहतो. याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे, शतकापूर्वी केवळ एकेका पैशाच्या वर्गणीतून एक कारखाना उभा राहिला, ही गोष्ट मात्र आजच्या पिढीला फारशी ठाऊक नसते. त्या कारखान्यामागे ज्यांचे अखंड परिश्रम होते, ते अंताजी दामोदर काळे पुढे साऱ्या महाराष्ट्रात पैसा फंडाचे काळे म्हणून ओळखले गेले.

अंताजीपंत धनिक नव्हते. देशात उद्योग निघत नाहीत, कारण भांडवल नाही. आणि भांडवल नाही, कारण श्रीमंतांचा पैसा धाडसाच्या धंद्यात येत नाही, ही त्या काळची नित्याची तक्रार होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काळे यांनी तिच्यावर एक साधा उपाय मांडला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, आणि जमलेल्या निधीतून देशी उद्योग उभारावेत. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २९ कोटी भरली होती. त्या हिशेबाने वर्षाकाठी ४५ लाख रुपये जमावयास हवे होते! कागदावरचे हे गणित अर्थातच कागदावरच राहिले. एखाद्या गावी जाण्यायेण्याचा खर्चच तेथील वर्गणीहून अधिक व्हावा, अशी ही योजना होती. तरीही काळे गावोगाव हिंडले. मोठ्या देणग्यांच्या मागे न लागता पैशापैशाने निधी वाढविण्याचा हा मार्ग अतिशय संथ होता, पण त्यामुळे शेतकरी, कारकून, विद्यार्थी असे सारे या कार्याचे भागीदार झाले. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली, ‘केसरी’ तिच्या पाठीशी उभा राहिला आणि १९०५च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट येताच फंडाला बळ मिळाले.

काचेचाच धंदा निवडण्यात मोठे औचित्य होते. बांगड्या, दिव्याच्या चिमण्या, औषधांच्या बाटल्या या घरोघरच्या वस्तू ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम येथून येत. पैसा देणाऱ्या घरातील गृहिणीच्या हातीही परदेशी काच असे. परंतु हा धंदा तितकाच अवघडही होता. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण वितळविण्यासाठी सुमारे १४०० अंश सेल्सिअसची उष्णता सतत टिकवावी लागते. फुंकनळीने वस्तू घडविल्यावर ती हळूहळू निववावी लागते. घाई झाली की ती तडकते. हे ज्ञान नुसते पुस्तकातून येत नाही. फंडाचे भाग्य असे, की जपान व अमेरिका येथे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्यास लाभले. १९०८मध्ये त्यांच्या देखरेखीखाली तळेगावी काच कारखाना सुरू झाला. मुंबई-पुणे लोहमार्गावरील हे गाव. माल आणावयास आणि पाठवावयास स्थानक जवळ.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडाले येथे रवानगी झाली. तळेगावातच प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी चालविलेले समर्थ विद्यालय १९१०मध्ये सरकारने बंद पाडले. राष्ट्रीय वृत्तीच्या संस्थांवर सरकारची वक्रदृष्टी असण्याचा तो काळ होता. वर्गणी देणाऱ्यालाही त्याचा विचार करावा लागे. अशा दिवसांत भट्टी विझली नाही, हे विशेष.

१९०६ ते १९१३ या काळात देशात सोळा काच कारखाने निघाले, आणि त्यांतील बहुतेक बुडाले. कोठे कारागीर नव्हते, कोठे जळण परवडत नव्हते, कोठे मालकांना धंद्याची माहितीच नव्हती. तळेगावचा कारखाना तगला याचे कारण, आमच्या मते, तो केवळ नफ्यासाठी काढलेला नव्हता. तेथे माल निघे, तशी माणसेही तयार होत. खेड्यापाड्यांतील मुलांना भट्टीपुढे उभे करून काम शिकविले जाई. पूर्वी काम जाणणारा कारागीर आपली विद्या सहसा दुसऱ्यास देत नसे; येथे ती विद्या शिकविण्याचीच सोय झाली. एका पैशाच्या दात्याला लाभांश नव्हता, त्याचा खरा परतावा हा होता. कारखान्याला नावही कोणा व्यक्तीचे न देता पैसा फंडाचेच दिले गेले, हेही काळे यांच्या कल्पनेला धरूनच झाले.

१९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल येणे थांबले. देशी काचेला एकाएकी गिऱ्हाईक आले. १९१६मध्ये औंध संस्थानात ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदासांनी पुढे उत्तरेत बहजोई येथे मोठा कारखाना काढला, आणि तळेगावच्या भट्टीवर हात बसलेले कारागीर निरनिराळ्या प्रांतांतील कारखान्यांत कामाला लागले.