बुई तुओंग फोंग : स्क्रीनवरच्या वस्तूंना चकाकी देणारे संशोधक

स्टीलचा तांब्या घासून उन्हात ठेवा. त्यावर एक पांढराशुभ्र ठिपका चमकतो. तुम्ही जरा बाजूला सरका, ठिपकाही सरकतो. आपल्या बेलपाड्यातली मुलं मोबाईलवर गाडीचा गेम खेळतात, त्या गाडीच्या पत्र्यावरही वळताना अशीच चमक धावते. ती कशी काढायची, हे फोंग यांनी शोधलं.

१४ डिसेंबर १९४२ रोजी व्हिएतनाममधल्या हनोईत त्यांचा जन्म झाला. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली आणि ते दक्षिणेला सायगावला आले. पुढे फ्रान्समध्ये इंजिनिअरिंग केलं आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पीएचडीसाठी गेले.

तिथे आँरी गुरो यांनी त्याच वर्षी एक युक्ती काढली होती. कॉम्प्युटरमध्ये वस्तू लहान लहान सपाट तुकड्यांची बनते. गुरो फक्त तुकड्याच्या कोपऱ्यांवर उजेड मोजत आणि मधला रंग त्यावरून भरत. काम झटपट! पण चमकीचा ठिपका नेमका मधोमध पडला तर? तो गायबच, कारण कोपऱ्यांना त्याचा पत्ताच नाही.

फोंग यांनी रंगाऐवजी दिशा भरली. पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे, ते कोपऱ्यांवरून मधल्या प्रत्येक बिंदूला ठरवून दिलं आणि मग त्या बिंदूवर उजेड मोजला. सूत्र सोपं : सगळीकडचा मंद उजेड, दिव्याकडे तोंड असल्याने मिळणारा उजेड आणि चकाकी, यांची बेरीज. चकाकीसाठी कोसाइनचा (हे तुम्ही पुढे शिकाल) घात घ्यायचा. घात मोठा असेल तर ठिपका बारीक, स्टीलसारखा. घात लहान असेल तर पसरट, प्लास्टिकच्या मगासारखा. हा हिशेब निसर्गाच्या नियमाप्रमाणे काटेकोर नाही, हे ते जाणून होते. डोळ्याला पटेल असं चित्र कमी आकडेमोडीत हवं होतं. मला तर यातच त्यांची खरी हुशारी वाटते.

या काळात त्यांना रक्ताचा कर्करोग होता. आपण वाचणार नाही, हे विद्यार्थी असतानाच त्यांना कळलं होतं. तरी १९७३ मध्ये प्रबंध पूर्ण केला, मग स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवायला गेले. जून १९७५ मध्ये त्यांचा लेख छापून आला आणि त्याच वर्षी ते गेले. वय अवघं ३२.

प्रत्येक बिंदूचा हिशेब तेव्हाच्या यंत्रांना जड जाई. १९७७ मध्ये जिम ब्लिन यांनी तो आणखी हलका केला. ही ब्लिन-फोंग पद्धत पुढे वर्षानुवर्षं गेममध्ये चालली. एक गंमत म्हणजे व्हिएतनाममध्ये आडनाव आधी लिहितात. त्यांचं आडनाव बुई. जगाने मात्र पद्धतीला आईवडिलांनी ठेवलेलं नावच दिलं, फोंग.