घोड्यावरून येणारी नर्सबाई

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. त्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण सर्वच घेतो. आपल्या धर्मग्रामात नातेवाइकांत एकही नर्स नाही असे घर शोधावे लागेल, म्हणून या वेळी आम्ही मुद्दाम दुसऱ्या एका बाईंची ओळख करून देत आहोत. त्या म्हणजे अमेरिकेतील मेरी ब्रेकिनरिज. त्या कॅथलिक नव्हत्या. पण त्यांचे चरित्र वाचताना आम्हाला त्यात काही परके वाटले नाही.

मेरीबाईंचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी मेम्फिस येथे एका बड्या घराण्यात झाला. आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होऊन गेलेले, वडील संसद सदस्य आणि पुढे रशियात राजदूत. अशा घरची मुलगी नोकरी करील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. १९०४ साली लग्न झाले आणि दोनच वर्षांत पती वारले. विधवा मेरीबाई न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक रुग्णालयात नर्सिंग शिकल्या आणि १९१० साली उत्तीर्ण झाल्या.

१९१२ साली त्यांनी पुन्हा संसार थाटला. १९१४ साली मुलगा झाला, लाडाने त्याला ब्रेकी म्हणत. १९१६ साली दिवस भरण्याआधीच मुलगी जन्मली आणि काही तासांतच गेली. १९१८ साली चार वर्षांचा ब्रेकीही गेला. पोटचे मूल मातीत ठेवून घरी परतलेल्या आया आपल्यातही आहेत. त्यांना त्या घराविषयी आम्ही काय सांगावे? १९२० साली हा विवाहही संपला.

महायुद्धानंतर त्या फ्रान्सला गेल्या. उद्ध्वस्त खेड्यांतील आया आणि मुलांसाठी त्यांनी घरोघर जाणाऱ्या नर्सेसची व्यवस्था उभी केली. तेथे त्यांना इंग्लंडच्या नर्सेस भेटल्या, ज्या सुईणकामही शिकलेल्या होत्या. अमेरिकेत ही दोन कामे वेगळी होती. मग चाळिशी उलटलेल्या मेरीबाई लंडनमध्ये पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, सुईणीची परीक्षा पास झाल्या आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील नर्सेसचे काम पाहून घरी परतल्या.

१९२५ साली त्यांनी केंटकी राज्याच्या पूर्वेकडील लेस्ली जिल्ह्यात काम सुरू केले. डोंगर, ओढे आणि पायवाटा. गाडीचा रस्ता नाही आणि डॉक्टर मिळणे दुरापास्त. मेरीबाईंनी ठिकठिकाणी नर्सेसची ठाणी उभारली. बाळंतिणीचा नवरा ठाण्यापर्यंत आला की नर्स घोड्यावर बसून निघे, मग रात्र असो की ओढ्याला पूर असो. पुढे या कार्याला ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ हे नाव पडले आणि १९२८ साली हायडन येथे छोटे रुग्णालयही उघडले.

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक पुस्तिका. लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांनी नर्सेससाठी लेखी सूचना तयार केल्या होत्या: कोणत्या दुखण्यात नर्सने स्वतः काय करायचे, कोणते औषध द्यायचे आणि केव्हा डॉक्टरकडे धाडायचे. खोगीराच्या पिशवीत ही पुस्तिका असे. त्यामुळे बाळंतपणच नव्हे, तर जखमा, ताप, जंत, लसी हे सर्व नर्स स्वतःच्या जबाबदारीवर पाहू शके. बाळंतपणाची फी पाच डॉलर आणि घरच्या शुश्रूषेचे वर्षाला एक डॉलर. पैसे नसतील तर धान्य, चारा किंवा मजुरी चाले.

त्या काळी अमेरिकेत हजार बाळंतपणांमागे सहा-सात माता दगावत. १९३२ साली एका मोठ्या विमा कंपनीच्या तज्ज्ञाने या नर्सेसची पहिली एक हजार बाळंतपणे तपासली. गर्भारपणामुळे किंवा प्रसूतीमुळे त्यांत एकही आई दगावली नव्हती!

त्या संत नव्हत्या. वर्णभेदाचे पूर्वग्रह त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत, आणि ते झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. १९३१ साली घोड्यावरून पडून त्यांच्या पाठीचे हाड मोडले, तरी काम सुटले नाही. १९३९ साली युद्धामुळे इंग्लंडच्या नर्सेस मायदेशी परतू लागल्या, तेव्हा त्यांनी तेथेच सुईणकामाची शाळा काढली.

१६ मे १९६५ रोजी वेंडोव्हर येथील आपल्या लाकडी घरात मेरीबाई वारल्या. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९७० साली मेरीबाईंच्या शाळेनेही तो कुटुंबांच्या शुश्रूषेसाठी सुरू केला. आपल्या देशात २०१८ पासून खेड्यांतील आरोग्य उपकेंद्रांत जे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, त्यांत नर्सिंगच्या पदवीधरही आहेत. आपल्या काही मुली हे शिक्षण घेत असतील. त्यांनी मेरीबाईंचे हे चरित्र घरी मोठ्याने वाचून दाखवावे, आजीलाही ऐकू द्यावे.