आंजेलो द फोन्सेका

गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर टाकून कुंचला हाती धरला व कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्यत्व पत्करले. ते निष्ठावंत कॅथलिक. परंतु त्यांच्या चित्रांतील मेरी साडी नेसून उभी राहिली. जगन्मोहन राजवाड्यात रविवर्म्याच्या देवता पाहणाऱ्या आम्हां म्हैसूरकरांस यात वावगे वाटणार नाही. गोव्यातील अनेक धर्मबांधवांना मात्र तो अधर्म वाटला, आणि फोन्सेकांनी जन्मभूमी सोडली. धर्म त्यांनी सोडला नाही, आणि मेरीची साडीही! आसरा मिळाला तो पुण्यास, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, तोही अँग्लिकनांचा. तेथे ते अखंड चित्रे काढीत राहिले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९५१ साली, त्यांनी विवाह केला. पुढे पत्नीचीच मुद्रा मेरीच्या चित्रांत उतरली. एक कन्या झाली. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सर्व देशांच्या कलेस चर्चमध्ये मान दिला, तेव्हा फोन्सेकांनी साठी गाठली होती. डिसेंबर १९६७ मध्ये, कन्या लहान असतानाच, मेंदूच्या आवरणदाहाने ते पुण्यास निवर्तले. पुढे पत्नीने त्यांची कितीतरी चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रास दिली. चित्रे तेवढी गोव्यास परतली.