पहिला अंतराळवीर

१९६१ सालच्या एप्रिल महिन्यातील १२ तारखेची सकाळ. त्या वेळच्या सोव्हिएत संघराज्यात, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात, सारातोव्ह शहरापासून जवळच एक वृद्ध स्त्री आपल्या लहान नातीसह शेतात बटाटे लावीत होती. एवढ्यात रानातून एक विचित्र आकृती आपल्याकडे येत असलेली तिला दिसली. अंगात नारिंगी रंगाचा जाडजूड पोशाख, डोक्यावर पांढरे शिरस्त्राण! आजी आणि नात घाबरून मागे सरू लागल्या. तेव्हा त्या आगंतुकाने त्यांना धीर दिला. आपण परके कोणी नसून याच देशाचे आहोत असे सांगितले, आणि जवळपास टेलिफोन कोठे मिळेल, अशी चौकशी केली. पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आलेला जगातील पहिला मानव तो हाच. त्याचे नाव युरी गागारिन.

युरीचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी, मॉस्कोच्या पश्चिमेस असलेल्या क्लुशिनो नावाच्या खेड्यात झाला. वडील अलेक्सेई सुतारकाम करीत. आई ॲना सामुदायिक शेतीवर गाईगुरांची देखभाल करी. चार भावंडांत युरी तिसरा. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये तो शाळेत जाऊ लागला, आणि थोड्याच काळात जर्मन सैन्य गावात शिरले. गागारिन कुटुंबाचे घर शिपायांनी बळकावले. तेव्हा वडिलांनी घरामागे जमिनीत एक खोली खणली, आणि त्या अंधाऱ्या, ओल्या बिळात या कुटुंबाने दीर्घ काळ काढला. एके दिवशी एका शिपायाने युरीच्या धाकट्या भावाला गळ्यातील गळपट्ट्यानेच सफरचंदाच्या झाडाला टांगले. घरची माणसे धावून गेली म्हणूनच तो पोर वाचला. माघार घेताना जर्मनांनी थोरल्या भावाला व बहिणीला मजुरीसाठी धरून नेले. ती दोघे परत दिसेपर्यंत युद्ध संपण्याची वाट पाहावी लागली.

पण याच काळात युरीने आणखी एक दृश्य पाहिले होते. लढाईत निकामी झालेले एक विमान गावाजवळच्या दलदलीत उतरले, आणि त्यातील वैमानिकाला नेण्यासाठी दुसरे विमान आले. गावची मुले त्या विमानांभोवती गोळा झाली. युरी त्यांतच होता. आकाशाची ओढ त्याला त्या दिवशी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

युद्धानंतर शाळा सुरू झाली, पण पाट्या-पुस्तके कोठून आणणार? मुलांनी बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांवर अंक मोजण्याचा अभ्यास केला. पुढे कुटुंब ग्झात्स्क या गावी राहावयास गेले. घरची गरिबी असल्याने पंधरा-सोळा वर्षांचा युरी मॉस्कोजवळच्या एका कारखान्यात ओतकाम शिकू लागला. वितळलेले लोखंड साच्यांत ओतावयाचे, असे ते दमछाकीचे काम. तेथून तो सारातोव्हच्या तंत्रविद्यालयात गेला. त्या शहरात हौशी लोकांसाठी एक विमानमंडळ होते. दिवसा विद्यालय आणि उरलेल्या वेळात विमानमंडळ, असा त्याचा क्रम सुरू झाला. १९५५ साली त्याने तेथेच प्रथम एकट्याने विमान चालविले.

त्याच वर्षी तो ओरेनबुर्गच्या लष्करी विमानविद्यालयात दाखल झाला. येथे एक अडचण उभी राहिली. विमान उडविण्यात तो तरबेज होता. पण खाली उतरविताना मात्र चुका होत. अखेर कारण सापडले. युरीची उंची अवघी १५७ सेंटिमीटर! बैठकीवरून त्याला समोरची धावपट्टी नीट दिसतच नसे. मग बैठकीवर एक उशी ठेवण्यात आली आणि विमान सुरळीत उतरू लागले. तीच कमी उंची पुढे त्याच्या कामी आली. कारण अंतराळयानातील जागा फार अपुरी होती.

१९५७ मध्ये तो वैमानिक झाला. त्याच वर्षी व्हॅलेंटिना हिच्याशी त्याचा विवाह झाला. तीन वर्षांनी, १९६० मध्ये, अंतराळप्रवासासाठी निवडलेल्या वीस वैमानिकांत त्याचे नाव आले. या मोहिमेचे सूत्रधार होते सर्गेई कोरोल्योव्ह. या थोर अभियंत्याने पूर्वी अन्यायाने कारावास भोगला होता. अग्निबाण आणि यान यांच्यामागील बुद्धी त्यांची. परंतु सरकारने त्यांचे नाव इतके गुप्त ठेवले, की १९६६ साली ते निवर्तल्यावरच जगाला ते कळले.

उड्डाणापूर्वी दोन दिवस गागारिनने पत्नीला एक पत्र लिहिले. थोरली मुलगी दोन वर्षांची होती, धाकटी अवघी महिन्याची. यंत्रावर आपला विश्वास आहे. तरी काही बरेवाईट झालेच, तर खचून जाऊ नये, मुलींना चांगले वाढवावे आणि पुढील आयुष्याचा निर्णय मोकळ्या मनाने घ्यावा, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र त्याने पाठविले नाही, जवळच ठेवले.

१२ एप्रिलला मॉस्कोच्या घड्याळात नऊ वाजून सात मिनिटे झाली असता बैकोनूर येथून वोस्तोक यान आकाशात झेपावले. वजनरहित अवस्थेत माणसाचे मन ठिकाणावर राहील की नाही, हे त्या वेळी कोणासच सांगता येत नव्हते. म्हणून यानाची नियंत्रणे कुलूपबंद केली होती आणि कुलूप उघडण्याचा आकडा पाकिटात मोहरबंद ठेवला होता. गंमत अशी, की तो आकडा गागारिनला आधीच कानात सांगून टाकण्यात आला होता! शास्त्रज्ञांचा यंत्रावर विश्वास होता, तसाच या तरुणावरही होता. पाकीट उघडण्याची वेळ आलीच नाही. गागारिनने खिडकीतून निळ्या कडेने वेढलेली पृथ्वी पाहिली, थोडे खाल्ले, पाणी प्यायला. लिहिता लिहिता त्याची पेन्सिल मात्र तरंगत निघून गेली. यानाने सुमारे ३२७ किलोमीटरची उंची गाठली. वेग होता ताशी सुमारे २८,००० किलोमीटर.

खरी कसोटी परतताना लागली. गोलाकार यानापासून यंत्रांचा भाग सुटा व्हावयाचा, तो तारांनी अडकून राहिला आणि यान गरगरा फिरू लागले. गागारिनने शांतपणे विचार केला, आपण उतरणार हे निश्चित, असा हिशेब मांडला आणि सर्व ठीक असल्याचा संदेश पाठविला. सुमारे दहा मिनिटांनी घर्षणाच्या उष्णतेने तारा जळाल्या व यान मोकळे झाले. सात किलोमीटर उंचीवर तो यानातून बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने खाली आला. ज्या परिसरात तो विमान चालविण्यास शिकला, तेथेच तो उतरला. साऱ्या प्रवासास १०८ मिनिटे लागली. तो यानात बसूनच उतरला, असे त्या वेळी जगाला सांगण्यात आले होते; कारण विक्रमाचे नियम तसे होते. पुढे सत्य उघडकीस आले. खरे पाहता लपविण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

त्यानंतर देशोदेशी त्याचे सत्कार झाले. १९६१ च्या अखेरीस तो भारतातही आला. दिल्लीप्रमाणे मुंबईनेही त्याचे स्वागत केले. परंतु या कीर्तीचेच त्याला बंधन झाले. असा माणूस गमावणे परवडणार नाही, म्हणून सरकार त्याला पुन्हा अंतराळात पाठविण्यास कचरू लागले. तो मात्र सराव सोडीत नव्हता. १९६७ च्या एप्रिलमध्ये सोयूझ यानातून त्याचा मित्र कोमारोव्ह गेला. त्याच्याऐवजी जाण्याची पाळी आल्यास गागारिन सज्ज होता. परतताना यानाची हवाई छत्री उघडली नाही आणि कोमारोव्ह मृत्यू पावला. गागारिनची अंतराळाची वाट त्या दिवसापासून बंदच झाली. निदान विमान तरी चालवू द्यावे, असा आग्रह त्याने धरला, आणि तो मान्य झाला.

२७ मार्च १९६८ रोजी अनुभवी शिक्षक सेर्योगिन यांच्यासह तो सरावासाठी निघाला. ढगाळ हवा होती. काही मिनिटांनी संदेश थांबले, आणि विमान जंगलात कोसळलेले आढळले. कारणांविषयी पुष्कळ वाद झाले. सर्वांना पटेल असे उत्तर निघाले नाही. त्या वेळी गागारिन ३४ वर्षांचा होता. ग्झात्स्क गावाला पुढे त्याचे नाव देण्यात आले. १९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावर उतरलेल्या अमेरिकन अंतराळवीरांनी त्याचे आणि कोमारोव्हचे पदक तेथे ठेवले.

सात वर्षांपूर्वी लिहिलेले ते पत्र अपघातानंतर व्हॅलेंटिनाच्या हाती देण्यात आले. ती २०२० सालापर्यंत जगली. तिने पुन्हा लग्न केले नाही.