काळ्या-पांढऱ्याचा कारागीर : बाबूराव पेंटर

वाकोला नाक्यावर भर दुपारी मोबाइलने एखाद्या दोस्ताचा फोटो काढून बघा. चेहरा, रिक्षा, पाट्या सगळंच सारखं उजळ. नजर कुठेच ठरत नाही. तोच दोस्त संध्याकाळी दुकानाच्या दिव्याशेजारी उभा करा. अर्धा चेहरा उजळतो, मागची गर्दी काळोखात जाते आणि आपण फक्त त्याच्याकडे बघतो. यालाच म्हणतात कॉन्ट्रास्ट! शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर याचा विचार करणारा एक माणूस आपल्या कोल्हापूरचा होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. डिग्री सोडाच, शाळाही फारशी झालेली नाही. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर त्यांनी सिनेमाचा ध्यास घेतला. पण कॅमेरा आणायचा कुठून? मग ठरलं, आपणच बनवायचा! काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. बाबूरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. त्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला.

त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळपास दिसतच नसे, निळा मात्र फार दिसे. म्हणजे लाल पागोटं काळं आणि निळं आकाश पांढरंफटक. त्यामुळे कशापुढे काय उभं करायचं, याचा हिशोब आधीच करावा लागे. पेंटरचा डोळा इथे कामी आला. सपाट रंगीत पडद्यांऐवजी त्यांनी भरीव सेट उभारले, कारण सावली पडायला खोली लागते. 'सिंहगड'साठी १९२३ मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला.

१९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावलेला शेतकरी आहे. त्यातल्या झोपडीच्या दृश्यात त्यांनी उजेड अगदी कमी ठेवला. जोडीला रडणारं कुत्रं. कर्जाचं ओझं त्या काळोखानेच सांगितलं. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

दामले, फत्तेलाल, शांताराम हे त्यांचे शिष्य. १९२९ मध्ये त्यांनीच 'प्रभात' काढली. बाबूराव १९५४ मध्ये गेले.

आज आपल्या खिशातला कॅमेरा त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे. पण उजेड कुणावर पाडायचा आणि काय अंधारात ठेवायचं, हे अजूनही आपल्यालाच ठरवावं लागतं. पुढचा फोटो काढण्याआधी एवढा विचार जरूर करा!